झेड-व्हीएम सांभाळायला घेताना

झेड-व्हीएम म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर एका खऱ्या मशीनची अनेक मशीन करून देणारी सिस्टम. ती सांभाळणाऱ्या टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सहसा एवढंच मिळतं: ३२७० एम्युलेटर (मेनफ्रेमच्या जुन्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम), एक आयपी ॲड्रेस, देखभालीसाठीचा ‘मेंट’ नावाचा यूजरआयडी आणि शिफ्ट संपवून घरी निघालेल्या सहकाऱ्याचं ‘जरा बघून घे’. लॉगऑन केलं की काळा पडदा, वर दोन-तीन ओळी आणि खाली उजव्या कोपऱ्यात दोन शब्द: ‘व्हीएम रीड’. ना मेनू, ना आयकॉन. माझी सुरुवात पुण्यात अशीच झाली, रात्रपाळीत. तेव्हा जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. आणि सगळं एका बैठकीत वाचून संपवू नका. समोर सिस्टम उघडी ठेवा, एकेक करून बघा.

आधी दोन नावं पक्की करा

झेड-व्हीएम म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. खाली हार्डवेअरवर बसलेला सीपी, म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम. त्याचं काम एकच: एक खरं मशीन घेऊन प्रत्येक यूजरला स्वतंत्र मशीन करून देणं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कन्सोल, इतकंच काय, कार्ड रीडर, पंच आणि प्रिंटरसुद्धा. दुसरी गोष्ट सीएमएस. ती त्या मशीनच्या आत चालणारी, एकाच माणसासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टम. एडिटर, फाइली, रेक्स भाषेतल्या स्क्रिप्ट हे सगळं सीएमएसचं. डिस्क कुणाची, मेमरी किती, कोण चालू, कोण बंद, हे सीपीचं.

युनिक्सवरून आलेले लोक इथेच अडखळतात. तिथे लॉगिन केलं की सगळ्यांच्या एका सिस्टममध्ये आपण शिरतो. इथे लॉगऑन केलं की आपल्याला एक अख्खा कॉम्प्युटर मिळतो, पॉवरच्या बटणासकट. लिनक्स चालवणारा गेस्ट, म्हणजे सीपीने करून दिलेलं असं एक मशीन, हाही सीपीच्या लेखी एक यूजरच. त्याचं लॉगऑन म्हणजे मशीन सुरू करणं आणि लॉगऑफ म्हणजे वायर उपटणं.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी १९६० च्या दशकात सीपी-४० बनवला, तोही मुद्दाम बदल करून घेतलेल्या सिस्टम/३६० मॉडेल ४० वर. मग सीपी-६७ आला आणि २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर झालं. सीएमएसमधला ‘सी’ मुळात केंब्रिजचा होता, पुढे तो ‘कन्व्हर्सेशनल’चा झाला. कार्ड रीडर आणि पंच हे शब्द त्या काळापासून टिकून आहेत. आज त्यांत एकही पुठ्ठ्याचं कार्ड जात नाही, पण एका यूजरकडून दुसऱ्याकडे फाइल पाठवली की ती अजूनही समोरच्याच्या ‘रीडर’मध्येच जाऊन पडते.

पडद्याचा उजवा कोपरा

काहीही टाइप करण्याआधी नजर खाली उजवीकडे. ‘व्हीएम रीड’ म्हणजे आतली सिस्टम, बहुधा सीएमएस, तुमच्या उत्तराची वाट बघते आहे. ‘रनिंग’ म्हणजे मशीन चालू आहे. ‘मोअर’ म्हणजे पडदा भरला, पुढचा मजकूर थांबून आहे. क्लिअर की दाबा. ‘होल्डिंग’ म्हणजे तुम्हीच एंटर दाबून पडदा धरून ठेवला आहे, पुन्हा क्लिअर. सिस्टम हँग झाली म्हणून नवखे लोक फोन करतात, त्यातले कितीतरी फोन या ‘होल्डिंग’चे असतात.

‘सीपी रीड’ दिसलं तर मात्र थांबा. तुम्ही आतल्या सिस्टममधून बाहेर, थेट सीपीसमोर आला आहात आणि तुमचं मशीन थांबलं आहे. पीए१ कीवर चुकून बोट पडलं तरी असं होतं. ‘बिगिन’ टाइप केलं की मशीन होतं तिथून पुढे चालू लागतं.

चालू असलेल्या लिनक्स गेस्टच्या कन्सोलवर जाताना याची खरी किंमत कळते. तो गेस्ट डिस्कनेक्ट अवस्थेत आपलं काम करत असतो. तुम्ही त्याच्या नावाने लॉगऑन केलं, त्या गेस्टला ‘सेट रन ऑन’ दिलेलं नसलं, तर कन्सोल जोडताच तो ‘सीपी रीड’मध्ये थांबतो. तुम्ही पडद्याकडे बघत विचार करता आणि तिकडे डेटाबेस गोठलेला असतो. म्हणून प्रत्येक गेस्टच्या सुरुवातीच्या प्रोफाइलमध्ये ‘सेट रन ऑन’ आहे का, ते पहिल्या आठवड्यातच तपासा. नसेल तर घालून घ्या.

आतली सिस्टम चालू असताना सीपीला काही सांगायचं तर कमांडच्या आधी हॅशचं चिन्ह आणि सीपी: ‘हॅश-सीपी क्वेरी टाइम’. हे हॅश सीपीसाठी ओळ संपल्याची खूणही आहे. लिनक्सच्या कन्सोलवर हॅश असलेली कमांड टाइप केलीत तर ओळ मधेच तुटते आणि उरलेला भाग नवी ओळ म्हणून जातो. गेस्टच्या आतलं नेहमीचं काम एसएसएचवरूनच करा. ३२७० कन्सोल अडीअडचणीसाठी ठेवा.

काम झालं की बाहेर पडताना ‘हॅश-सीपी डिस्कनेक्ट’. ‘लॉगऑफ’ नाही. स्वतःच्या सीएमएस यूजरवर दिवसभर लॉगऑफ करून बोटांना ती सवय लागते आणि तीच कमांड गेस्टच्या कन्सोलवर दिली की मशीन जागच्या जागी नाहीसं होतं. ना शटडाउन, ना सूचना. मी आजही गेस्टच्या कन्सोलवर असताना एंटरच्या आधी ओळ मोठ्याने वाचते. शेजारच्यांना आता सवय झाली आहे.

आधी विचारा, मग हात लावा

सीपीची सर्वात चांगली गोष्ट म्हणजे तो विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतो, आणि ‘क्वेरी’ने काही बिघडत नाही. नव्या सिस्टमवर मी याच क्रमाने विचारते.

‘क्वेरी यूजरआयडी’: मी कोण आणि कुठल्या सिस्टमवर. चार सिस्टमच्या चार खिडक्या सारख्याच दिसतात, म्हणून हा प्रश्न दर वेळी. ‘क्वेरी सीपीलेव्हल’: व्हर्जन कुठलं, सर्व्हिस कितवी, शेवटचं आयपीएल कधी झालं. (आयपीएल म्हणजे इतर जग ज्याला बूट म्हणतं ते.) ‘क्वेरी नेम्स’: आत्ता कोण लॉगऑन आहे. नावापुढे ‘डीएससी’ असेल तर तो डिस्कनेक्ट राहून चालू आहे, आणि सर्व्हरच्या बाबतीत तेच बरोबर आहे. ‘क्वेरी व्हर्च्युअल ऑल’: माझ्या मशीनला काय काय जोडलेलं आहे. ‘इंडिकेट लोड’: प्रोसेसर किती टक्के कामात, पेजिंग किती होतंय. आणि ‘क्वेरी अलॉक पेज’, ‘क्वेरी अलॉक स्पूल’. या दोघांकडे पुढे सविस्तर येऊ.

सीएमएसमध्ये प्रत्येक कमांडनंतर ‘रेडी’ अशी ओळ येते. तिच्यापुढे कंसात आकडा आला तर काहीतरी चुकलं आहे. कंसात २८ म्हणजे बहुतेक वेळा फाइल सापडली नाही. हा कंस न बघता पुढची कमांड देऊ नका.

कुणाला काय करता येतं हे अक्षरांनी ठरतं. साधा यूजर ‘जी’ वर्गाचा. ‘ए’ वर्गाला सिस्टम बंद करता येते, दुसऱ्याला जबरदस्तीने लॉगऑफ करता येतं. ‘बी’कडे खरी उपकरणं जोडणं-सोडणं, ‘डी’कडे स्पूल, म्हणजे रीडर, पंच, प्रिंटरच्या फाइलींची साठवण. ‘मेंट’कडे हे सगळे वर्ग असतात, म्हणून रोजच्या कामाला मेंट वापरायचा नाही. स्वतःच्या नावाचा यूजर घ्या आणि गरज पडेल तेव्हा ‘लॉगऑन मेंट बाय’ आणि पुढे स्वतःचं नाव असं जा. पासवर्ड तुमचा लागतो आणि मेंट म्हणून कोण आलं होतं त्याची नोंद राहते. त्यासाठी डिरेक्टरीत मेंटच्या नोंदीत ‘लॉगऑनबाय’ची ओळ हवी.

डिरेक्टरी म्हणजे सातबारा

आता गाभ्याकडे. व्हीएमच्या प्रशासकाचं निम्मं आयुष्य ‘यूजर डायरेक्ट’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत जातं. प्रत्येक यूजर, त्याची मेमरी, त्याच्या डिस्क, त्याचे अधिकार, सगळं तिथे. सातबाऱ्यावर जसं गट नंबर, क्षेत्र आणि नाव असतं, तसंच. व्हर्जन ६.२ पासून ही फाइल सहसा ‘पीमेंट’ या देखभालीच्या यूजरच्या २सीसी या मिनिडिस्कवर असते. एका छोट्या लिनक्स गेस्टची नोंद साधारण अशी दिसते:

यूजर लिनक्स०१ (पासवर्ड) ४जी ८जी जी
इन्क्लूड लिनडिफॉल्ट
निकडेफ ०६०० टाइप क्यूडीआयओ लॅन सिस्टम व्हीस्विच१
एमडिस्क ०१९१ ३३९० ०००१ ००५० एलएक्स०००१ एमआर
एमडिस्क ०२०० ३३९० ००५१ ३००० एलएक्स०००१ एमआर

पहिल्या ओळीत नाव, पासवर्ड, सुरुवातीची मेमरी ४ जीबी, जास्तीत जास्त ८ जीबी आणि शेवटी अधिकाराचा वर्ग ‘जी’. ‘इन्क्लूड’ने सगळ्या लिनक्स गेस्टना समान असलेल्या ओळी एका प्रोफाइलमधून येतात. ‘निकडेफ’ने व्हर्च्युअल स्विचला जोडलेलं नेटवर्क कार्ड मिळतं, त्या स्विचवर या गेस्टला परवानगी द्यायला विसरू नका. पासवर्ड इथे उघडाच लिहिलेला असतो, म्हणून ही डिस्क कुणाकुणाला वाचता येते ते बघून ठेवा. ज्या यूजरवर माणसाने थेट लॉगऑन करायचंच नाही, त्याला पासवर्डच्या जागी ‘ऑटोओन्ली’ किंवा ‘एलबायओन्ली’ लिहा.

आता ‘एमडिस्क’ची ओळ सावकाश वाचा. मिनिडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कचा एक तुकडा. ०२०० हा गेस्टला दिसणारा पत्ता, ३३९० हा डिस्कचा प्रकार, ००५१ हा सुरुवातीचा सिलिंडर (डिस्कवरची जागा मोजायचं माप), ३००० ही सिलिंडरची संख्या, एलएक्स०००१ हे खऱ्या व्हॉल्यूमचं, म्हणजे अख्ख्या डिस्कचं नाव. म्हणजे हा तुकडा ५१ पासून ३०५० पर्यंत. पुढचा तुकडा ३०५१ ला सुरू होईल. शून्य क्रमांकाचा सिलिंडर नेहमी मोकळा सोडायचा, कारण व्हॉल्यूमचं लेबल तिथे असतं. ३३९० च्या एका सिलिंडरमध्ये सीएमएसचे ४ केबीचे १८० ब्लॉक बसतात. मॉडेल ३ मध्ये ३,३३९ सिलिंडर, मॉडेल ९ मध्ये १०,०१७.

दुसरा आकडा संख्या आहे, शेवटचा सिलिंडर नाही. हे मी ठळक सांगते, कारण पहिल्या वर्षी मी इथेच चुकले. एका गेस्टची नोंद होती: सुरुवात ३००१, संख्या ३५००. मी ती ‘३००१ ते ३५००’ अशी वाचली आणि नव्या गेस्टची डिस्क ३५०१ पासून सुरू केली. खरं तर जुन्या गेस्टची हद्द ६५०० पर्यंत होती. त्याच्या ३,००० सिलिंडरवर मी दुसऱ्याचं घर बांधलं. डिरेक्टरी तपासली गेली, चढली, एकही एरर नाही. सीपीने कागदावरची नोंद जशीच्या तशी मानली. नवा गेस्ट उभा राहिला, लिनक्स बसलं, ग्राहक खूश.

अकराव्या दिवशी, पहाटे अडीचच्या सुमाराला, जुन्या गेस्टची फाइल सिस्टम ‘रीड-ओन्ली’ झाली. इतके दिवस ती डिस्कच्या पहिल्या भागातच लिहीत होती; त्या रात्री वाढत वाढत माझ्या गेस्टच्या जागेत पोचली. लॉगमध्ये एकामागून एक आय/ओ आणि मेटाडेटाचे एरर. आम्ही आधी हार्डवेअर बघितलं, मग कंट्रोलर, मग लिनक्सचे पॅचेस. टीममधल्या ज्येष्ठ सरांनी शेवटी विचारलं, “या व्हॉल्यूमवर अलीकडे कुणाला जागा दिलीय का?” तिथे माझ्या पोटात गोळा आला. शेतात बांध कोरणारा निदान जाणूनबुजून कोरतो. मी तर नकाशाच चुकीचा वाचला होता. दोन्ही गेस्ट बंद करून बॅकअपवरून उभे करेपर्यंत दुसरी रात्र झाली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, आणि तुम्हीही तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

२सीसी लिंक करून ॲक्सेस करा: ‘लिंक पीमेंट २सीसी २सीसी एमआर’, मग ‘ॲक्सेस २सीसी एफ’. फाइल उघडण्याआधी ‘कॉपीफाइल’ने तिची प्रत काढा, प्रतीच्या नावात तारीख घाला. ‘डिस्कमॅप यूजर’ चालवा. त्यातून ‘यूजर डिस्कमॅप’ नावाची फाइल तयार होते. प्रत्येक व्हॉल्यूमवर कोण कुठून कुठपर्यंत, मधे कुठे मोकळी जागा, कुठे हद्दी एकमेकींवर चढल्या, सगळं त्यात असतं. मोकळी जागा तिथून घ्या, डोक्यातून नाही. ‘एक्सएडिट’मध्ये नोंद लिहा, जतन करा आणि ‘डिस्कमॅप’ पुन्हा चालवा. ‘ओव्हरलॅप’ हा शब्द शोधा. मेंटच्या नावावर काही अख्ख्या व्हॉल्यूमभर पसरलेल्या डिस्क असतात, त्या ओव्हरलॅप म्हणून दिसणारच. त्या मुद्दाम तशा आहेत. त्यांच्यापलीकडे एकही नवीन ओव्हरलॅप दिसला तर थांबा.

मग ‘डायरेक्टएक्सए यूजर’ आणि पर्याय म्हणून ‘एडिट’. याने फक्त तपासणी होते, काही बदलत नाही. स्वच्छ निघालं की तीच कमांड पर्यायाशिवाय. ‘डिरेक्टरी अपडेटेड अँड ऑनलाइन’ अशी ओळ आली की नवी डिरेक्टरी लागू झाली. आधीपासून लॉगऑन असलेल्या यूजरच्या नोंदीतले बहुतेक बदल मात्र त्याच्या पुढच्या लॉगऑनलाच दिसतात. नव्या मिनिडिस्कवर सीएमएसच्या फाइली ठेवायच्या असतील तर तिथे ‘फॉरमॅट’ चालवा. ती कमांड विचारते की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का. उत्तर देण्याआधी पत्ता पुन्हा एकदा वाचा.

तुमच्याकडे ‘डिरमेंट’ हा डिरेक्टरी सांभाळणारा प्रोग्रॅम असेल तर यातलं काहीच हाताने करायचं नाही. तो स्वतः डिरेक्टरीचा मालक असतो, मोकळी जागा शोधून देतो आणि नोंदी ठेवतो. त्याच्या पाठीमागे जाऊन ‘यूजर डायरेक्ट’ हाताने बदललीत तर त्याची प्रत आणि तुमची प्रत वेगळी होते, आणि पुढच्या वेळी तो स्वतःचीच प्रत चढवतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: इथे डिरमेंट आहे का?

ओळीच्या शेवटचं ‘एमआर’ही महत्त्वाचं. ‘आरआर’ने फक्त वाचता येतं. ‘एमआर’ने लिहिता येतं, पण दुसरं कुणी आधीच लिहीत असेल तर तुम्हाला फक्त वाचायला मिळतं. ‘एमडब्ल्यू’ने दोघांनाही एकाच वेळी लिहिता येतं, आणि सीएमएस मिनिडिस्क दोघांच्या लिहिण्यातून सुखरूप राहत नाही. ‘लिंक झाली नाही म्हणून एमडब्ल्यू केलं’ हे वाक्य माझ्या टीममध्ये कुणी उच्चारू नये एवढीच इच्छा. लिंक का झाली नाही, कुणाकडे डिस्क आहे, ते ‘क्वेरी लिंक्स’ला विचारा.

सुरू करणं आणि आपोआप सुरू होणं

नवा गेस्ट ‘एक्सऑटोलॉग लिनक्स०१’ने सुरू करा, तो डिस्कनेक्ट अवस्थेतच उठतो. सिस्टमच्या प्रत्येक आयपीएलनंतर तो आपोआप उठावा असं वाटत असेल तर ‘ऑटोलॉग१’ या यूजरच्या ‘प्रोफाइल एक्झेक’मध्ये तीच ओळ घाला. क्रमाचा विचार करा: आधी टीसीपीआयपी आणि सुरक्षेची सर्व्हिस मशीन, मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन. मधे काही सेकंदांची विश्रांती घाला.

सिस्टमचे मोठे निर्णय, म्हणजे कुठले व्हॉल्यूम सीपीच्या मालकीचे, कुठली उपकरणं, व्हर्च्युअल स्विच, वेळेचा विभाग, हे ‘सिस्टम कॉन्फिग’ फाइलीत असतात. ती पीमेंटच्या सीएफ० डिस्कवर. बदल केल्यावर ‘सीपीसिंटॅक्स सिस्टम कॉन्फिग’ चालवल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. या फाइलीतली चूक लगेच दिसत नाही. ती पुढच्या आयपीएलला दिसते, आणि आयपीएल कधी होतं? मध्यरात्री, बदलाच्या खिडकीत, तुम्ही सुट्टीवर असताना. जुनी प्रत त्याच डिस्कवर वेगळ्या नावाने ठेवा. सुरुवातीच्या लोडरच्या पडद्यावर कॉन्फिग फाइलीचं नाव देता येतं, त्यामुळे अडचणीत जुन्या प्रतीवर सिस्टम उठवता येते.

एकाहून जास्त झेड-व्हीएम एकत्र बांधून चालू गेस्ट एकावरून दुसरीवर हलवण्याची सोय ६.२ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. पण एक सिस्टम नीट सांभाळता येईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

पेज आणि स्पूल: रोज बघायचे दोन आकडे

व्हीएमची ताकद अशी की खऱ्या मेमरीपेक्षा जास्त मेमरी गेस्टना कबूल करता येते. १०० जीबी खरी असताना १५० जीबी वाटता येते, कारण सगळे गेस्ट एकाच वेळी सगळी वापरत नाहीत. जे मावत नाही ते डिस्कवरच्या पेज जागेत जातं. ही उधारी आहे, आणि उधारीचा हिशेब ‘क्वेरी अलॉक पेज’ सांगतो. शेवटच्या ओळीतली टक्केवारी रोज सकाळी वहीत लिहा. जुना दंडक पेज जागा निम्म्याहून जास्त भरू द्यायची नाही असा आहे, आणि नवख्याने तोच पाळावा. भरत गेली तर सीपी स्पूलच्या जागेत शिरतो. तीही संपली की पीजीटी००४ हा कोड देऊन अख्खी सिस्टम कोसळते. एका गेस्टला नाही, सगळ्यांना घेऊन.

म्हणून कुणी नव्या गेस्टला ६४ जीबी मागितली तर ‘घ्या’ म्हणण्याआधी विचारा कशासाठी. लिनक्सला दिलेली जास्तीची मेमरी ते फाइल कॅशसाठी वापरून टाकतं. रिकामी ठेवत नाही. व्हीएमवर ती सवय सगळ्या शेजाऱ्यांना महागात पडते. कमी द्या, मोजा, मग वाढवा.

नवी पेज डिस्क देताना ‘सीपीएफएमटीएक्सए’ने ती फॉरमॅट करून ‘पेज’ म्हणून वाटप करावं लागतं. शक्यतो पूर्ण व्हॉल्यूम फक्त पेजिंगलाच द्या, आणि पेजिंगचे सगळे व्हॉल्यूम सारख्या आकाराचे ठेवा.

स्पूल ही सिस्टमची टपालपेटी. रीडर, पंच, प्रिंटरच्या फाइली, कन्सोलचे लॉग, कोसळल्यावरचे डंप, सगळं तिथे. ती भरण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: कुठल्यातरी गेस्टचं कन्सोल-लॉगिंग सुरू करून कुणीतरी विसरलेलं असतं. एका यूजरला जास्तीत जास्त ९,९९९ स्पूल फाइली ठेवता येतात, आणि ती मर्यादा गाठलेला यूजर मी पाहिला आहे. ‘क्वेरी रीडर ऑल’ने कोणाच्या नावावर काय आहे ते बघा, जुन्या फाइली ‘पर्ज’ने काढा. पण ‘पर्ज’ देताना कुणाचं, कुठलं, हे नेमकं लिहा. ‘ऑल’ हा शब्द लिहिण्याआधी हात थांबवा.

बंद करताना

गेस्टला ‘फोर्स’ हा शेवटचा उपाय. आधी ‘सिग्नल शटडाउन’ आणि त्यात सेकंदांची मुदत द्या. लिनक्स हा इशारा समजून घेतं आणि नीट बंद होतं. पूर्ण सिस्टम बंद करायची तर आधी सगळ्या गेस्टना इशारा द्या, ‘क्वेरी नेम्स’ने कोण उरलं ते बघा, मगच ‘शटडाउन’. आणि ‘शटडाउन’च्या आधी ‘क्वेरी यूजरआयडी’. आपण नेमक्या कुठल्या सिस्टमच्या खिडकीत आहोत, हे डोळ्यांनी वाचून मग.

परत उठवताना सीपी विचारतो: वॉर्म, फोर्स, कोल्ड की क्लीन? उत्तर वॉर्म. वॉर्मने स्पूल जसाच्या तसा परत येतो. वॉर्म जमत नसेल तर फोर्स. त्यात वाचेल तेवढं वाचवलं जातं. कोल्डने स्पूल फाइली जातात. क्लीनने त्याबरोबर स्पूलमध्ये साठवलेले सिस्टमचे जतन केलेले सेगमेंटही जातात, सीएमएसची जतन केलेली प्रतही त्यांतच, आणि ते सगळं पुन्हा बांधत बसावं लागतं. पहाटे घाईत हे चार शब्द एकमेकांत मिसळतात. ‘क्लीन’ ऐकायला चांगला वाटतो, म्हणून तो जास्त धोक्याचा.

घरी सराव

झेड-व्हीएम विकत घेऊन घरी चालवता येत नाही, पण व्हीएम/३७० खुलं आहे. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलीस हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर मेनफ्रेम उभी करतो, आणि त्यावर व्हीएम/३७० ची ‘कम्युनिटी एडिशन’ चालते. मेंटचा पासवर्ड ‘सीपीसीएमएस’, साध्या यूजरचा ‘सीएमएसयूजर’, नावही तेच. फरक लक्षात ठेवा: तिथे ‘डायरेक्टएक्सए’ऐवजी ‘डायरेक्ट’ आहे, ‘सिस्टम कॉन्फिग’ नाही, आणि डिस्क बहुतेक ३३५० प्रकारच्या, ५५५ सिलिंडरच्या. सीपी आणि सीएमएसची वाटणी, कोपऱ्यातल्या खुणा, लिंक आणि ॲक्सेस मात्र ओळखीचे वाटतील.

तिथे एक प्रयोग जरूर करा. आधी एम्युलेटर बंद ठेवून डिस्कच्या फाइलींची प्रत काढा. मग डिरेक्टरीत दोन नवे यूजर घाला आणि मुद्दाम दोघांच्या १९१ डिस्क एकाच सिलिंडरपासून सुरू करा, आकारही सारखाच द्या. डिरेक्टरी चढवा, ती काही तक्रार करणार नाही. पहिल्या यूजरने लॉगऑन करून डिस्क फॉरमॅट करा, एडिटरमध्ये चार ओळींची फाइल लिहा, जतन करा, ‘लिस्टफाइल’ने ती आहे हे बघा आणि लॉगऑफ करा. दुसऱ्या यूजरने लॉगऑन करून त्याची १९१ फॉरमॅट करा, लॉगऑफ करा. आता पुन्हा पहिल्याच्या नावाने जा आणि ‘लिस्टफाइल’ द्या.